खांदा : साडेअठरा

८ जानेवारी

ती. स्व. मामांस,
ठोक्याचा सा. न. वि. वि.

फोनवर मी एक विचारतो आणि तुम्ही भलतंच उत्तर देता, म्हणून ताईच्या सांगण्यावरून पत्राकडे वळलो आहे. अक्षराला हसू नका. सुताराची पेन्सिल कानावर असते, कागदावर क्वचितच येते.

बातमी अशी, की जुन्या कोर्टाची मोठी खोली नव्याने करायचं काम मला मिळालं. यापुढे आरोपीला तुरुंगातूनच पडद्यावर दाखवणार, साक्षीदारही पडद्यावर, कागदपत्रं सगळी संगणकात. डाव्या भिंतीला लागून एक लाकडी कठडा आहे, त्यात जमिनीत पक्क्या बसवलेल्या नऊ खुर्च्या. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, ही ज्यूरीची जागा. पूर्वी नऊ साधी माणसं इथे बसून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायची. ती पद्धत कायद्याने बंद होऊन पन्नास वर्षं झाली, पण खुर्च्या काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. आता तिथे यंत्रांचं कपाट येणार, म्हणून त्या उखडायच्या.

या खुर्च्यांची बैठक स्प्रिंगवर आहे. माणूस उठला की आपोआप वर जाते. आठ जातात. सातवी जात नाही, कुणी बसून असल्यासारखी खालीच राहते. मी स्प्रिंग बदलली. जेवून आलो तर पुन्हा खाली. माझे दोघे कारागीर आता तिच्याकडे पाठ करून काम करत नाहीत. मी त्यांची थट्टा केली, पण खरं सांगायचं तर मीही करत नाही.

आई सांगायची, तरुणपणी तुम्ही एकदा ज्यूरीत बसला होतात. कोणत्या खुर्चीत, ते आठवतं का?

ताईला नमस्कार. राग-लोभ दोन्ही असू द्या, पण उत्तर धाडा.

तुमचा,
ठोक्या


१५ जानेवारी

चि. ठोक्यास,
मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र ताईने हातात दिलं आणि मी ते दुकानात नेऊन वाचलं. सातवी. मी सातव्या खुर्चीत बसलो होतो.

एका गोदामाला आग लागली, आत एक कारकून जळून मेला. दाराला बाहेरून कडी होती. दाराशी अर्धा जळालेला एक कोट सापडला. तो गोदामाच्या राखणदाराचा, म्हणून त्यानेच कडी घातली, असं सरकारचं म्हणणं. राखणदार चोवीस वर्षांचा. चार दिवस तो पिंजऱ्यात उभा होता आणि मी समोर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तो कोट उलगडून दाखवला. शिंप्याला टेप लागत नाही रे. कोटाचा खांदा साडेसोळा इंच होता. त्या माणसाचा अठराच्या वर. तो कोट त्याच्या अंगात शिरलाच नसता. आम्हाला प्रश्न विचारायची मुभा होती. 'कोट त्याला घालून दाखवा' एवढी एक चिठ्ठी न्यायाधीशांकडे पाठवली असती तरी पुरे होतं. इतके शिकलेले वकील बसलेत, कुणीतरी विचारेलच, असं म्हणून मी गप्प राहिलो. कुणीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आम्हाला निकालासाठी खोलीत बंद केलं. नवांपैकी सहा जण एका बाजूला आल्याशिवाय सोडत नसत. पाच म्हणत दोषी, चार निर्दोष. मी चारांत. दुपारी शिपायाने दाराच्या फटीतून निरोप सांगितला, की तुझी मामी सकाळपासून अडली आहे. कोटाचं तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर वाद लांबला असता आणि मला घरी जायचं होतं. मी त्या पाचांबरोबर हात वर केला. संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा ताई जन्मली होती. त्याला जन्मठेप झाली.

दोन वर्षांनी ज्यूरी बंद झाली. साधी माणसं भुलतात, घाई करतात, म्हणून यापुढे निकाल न्यायाधीशच देतील, असं पेपरात आलं. ते माझ्याकडेच बघून लिहिलंय असं मला वाटलं. कायदा सुधारला, मी आहे तिथेच राहिलो. ताईच्या प्रत्येक वाढदिवसाला मी दुकानात का जाऊन बसतो, ते तिने बावन्न वर्षांत विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सातवी खुर्ची सगळ्यांत शेवटी काढ. ताईला काही कळवू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा


२१ जानेवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मला तुमचा राग आला, हे लपवत नाही. मग वकिलांचा आला, न्यायाधीशांचा आला. एवढ्या मोठ्या खोलीत डोळे फक्त शिंप्यालाच होते का? मामी अडली होती, तुम्ही तरी काय करणार होतात, असंही वाटतं. मग तो पिंजरा दिसतो आणि ते वाटणं टिकत नाही.

आठ खुर्च्या निघाल्या. सातवी एकटी उरली आहे, बैठक खाली.

काल पडदा लावून पाहिला. तुरुंगातल्या खोलीत एक माणूस उभा केला होता. फक्त चेहरा दिसतो, गळ्यापर्यंत. खांदे दिसतच नाहीत. यापुढे ते तुमच्यासारख्यालाही दिसायचे नाहीत, आणि हे मी कुणाला सांगू ते कळलं नाही.

त्या माणसाचं पुढे काय झालं?

तुमचा,
ठोक्या


२९ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

रागावलास ते बरं केलंस. बावन्न वर्षं कुणीतरी रागवायला हवं होतं.

चौदा वर्षांनी तो सुटला आणि माझ्या दुकानात आला. मी ओळखलं. त्याने वाकून माझे हात धरले. म्हणाला, की चार दिवस तुम्ही एकटेच माझ्याकडे बघत होतात, त्या कोटावरून माझ्या खांद्यांकडे, खांद्यांवरून कोटाकडे, तुम्हाला सगळं कळलं होतं. कोर्टात फक्त सहा विरुद्ध तीन एवढंच सांगितलं होतं, कोणाचं मत काय ते नाही. त्या तिघांत तुम्ही होतात हे मी चौदा वर्षं धरून राहिलो, नाहीतर तिथे जगलो नसतो, म्हणाला. आभार मानायला आला होता, ठोक्या. माझे आभार!

मग म्हणाला, एक कोट शिवा, माझ्या मापाचा. मी माप घेतलं. खांदा साडेअठरा. वहीत आकडा लिहिताना दोनदा चुकलो, आणि त्याला वाटलं मला गहिवरून आलंय. मी खरं बोललो नाही.

आठ दिवसांनी येतो म्हणाला, तो आलाच नाही. कोट अडतीस वर्षं खुंटीवर आहे. दुपारी दुकानात कुणी नसताना मी मान वर करतो आणि त्या कोटाचा खांदा माझ्याकडे वळलेला असतो. वारा असेल. मी खिडकी लावून पाहिली आहे.

मापाच्या वहीतला त्याचा पत्ता सोबत लिहिला आहे. कोट वेगळा पाठवतो. तो असला तर कोट दे आणि माझं मागचं पत्र त्याला वाचून दाखव. एवढं माझं काम कर.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

ते आहेत.

जुन्या पत्त्यावरच्या लोकांनी दुसरा पत्ता दिला. एका छापखान्यामागे त्यांची खोली आहे. तुरुंगात पुस्तकबांधणी शिकले, आजही तेच करतात. टेबलावर नव्या कायद्याच्या प्रती रचल्या होत्या, पुठ्ठे चढायचे होते. तुमचं नाव सांगितलं तर हातातला खळीचा ब्रश तसाच ठेवून उठले. तेव्हा का आलो नाही, तर कोट अंगावर चढवायच्या विचारानेच कोर्टाची ती खोली आठवायची, म्हणाले. शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, की माझ्या बाजूने उभा राहिला त्या माणसाचा हा भाचा.

मामा, मी तुमचं पत्र खिशातून काढलं नाही. मला नाही जमलं. तुम्ही मला भित्रा म्हणा.

कोट घातला त्यांनी. पण माणूस आटला आहे. तुमचा साडेअठराचा खांदा पार दंडावर ओघळतो. आरशासमोर उभे राहून हसले, म्हणाले, हाही आता माझा वाटत नाही.

मी खुर्चीचं बोलून गेलो. ती मला द्या, म्हणाले. कारकूनबाईंनी ती भंगारात काढल्याचं लिहून दिलं, मी पाय लावून ती त्यांच्या खिडकीशी ठेवून आलो. बैठक तिथेही खालीच आहे. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली. निरोप दिला आहे, की मामांना म्हणावं, खुर्ची मांडून ठेवली आहे, एकदा येऊन बसा.

माझं ऐका. येऊ नका, किंवा आलात तर बसा, चहा घ्या आणि निघा. शहात्तराव्या वर्षी त्यांचा तो समज काढून घेऊन कुणाचं भलं होणार आहे?

तुमचा,
ठोक्या


१७ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

तू भित्रा नाहीस. जे माझं काम होतं ते मी तुझ्या गळ्यात घातलं.

ताईला सगळं सांगितलं. तिने माझा चष्मा पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, मीही येते.

तू म्हणतोस तसं चहा घेऊन निघता येईल, हे मलाही ठाऊक आहे. घरी जायची घाई मी एकदा केली आहे. तो माझ्यावर विश्वास ठेवून जगला, पण तो विश्वास मी चोरलेला आहे. तो ठेवायचा की टाकायचा, ते त्याला ठरवू दे. यात मी पुन्हा त्याच्या वतीने हात वर करणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही पोहोचतो. टेप, सुई, खडू घेऊन येतो. कोट उसवून त्याच्या आजच्या मापाचा करून देतो. तू एक कर. आम्ही यायच्या आधी त्यालाच त्या खुर्चीत बसव. तेव्हा चार दिवस तो उभा होता आणि मी बसलो होतो. खांद्याचं माप बसलेल्या माणसाचंही घेता येतं. मी मागे उभा राहीन आणि माप घेता घेता सांगेन.

त्यानंतर त्याने कोट काढून माझ्या हातात दिला, तर मी तो घेऊन परत येईन. तेव्हा कुणी त्याला समजवायला जाऊ नका.

तुझा मामा