धुतलेल्या बाटलीची नोंद

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. परत येईनच असे नाही, आणि माझे एक खोटे माझा धाकटा भाऊ सुगत नऊ वर्षे वाहतो आहे. म्हणून लिहिते.

मी, विशाखा देवराव तायडे, वय ६६, अविवाहित, राहणार राजापेठ, अमरावती, पाणी तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त. डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

१. राजापेठेतील घर माझ्या पगारातून झाले. ते सुगत व त्याची पत्नी मैना यांना समान. ही भरपाई नव्हे. भरपाई होत नसते.

२. बँकेतील सर्व शिल्लक एकट्या मैनाची.

३. सूक्ष्मदर्शक तिवशाच्या शाळेला. भिंगाला बोटे लावू देऊ नयेत.

४. शेजारच्या पिंटूला काही नाही. गच्चीवरच्या टाकीला तीन वर्षे झाकण नाही.

५. निरोपसमारंभाचे सन्मानपत्र जाळावे. त्यात 'ताईंच्या हातून कधी चूक झाली नाही' असे लिहिले आहे.

६. सुगत आमच्या गावचा जलसुरक्षक; विहिरीत ब्लिचिंग टाकणे, पाण्याचे नमुने आणून देणे हे त्याचे काम. २०१३च्या जुलैत, एका शनिवारी तो विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन आला. म्हणाला, "ताई, बाटलीत पांढरं काई लागलं होतं. तू खवळशील म्हून दोनदा खंगाळून भरली."

ते पांढरे आम्हीच घातलेले औषध. पाण्यातल्या ब्लिचिंगचा जोर ते बाटलीत थांबवते. धुऊन टाकले, की वाटेत ब्लिचिंग जंतू मारत राहते आणि घाण पाणीही तपासणीत स्वच्छ निघते. अशी बाटली परत करायची असते. तेहेतीस वर्षांत मी शेकडो परत केल्या. त्या दिवशी म्हटले, "बरं केलं. जाय, गाडी सुटन." मला घरी जायची घाई होती.

'पिण्यास योग्य' अशी सही मी केली. मैना पाणी उकळत असे. सुगत तिला म्हणाला, "ताईची सही हाय. आता कायले सरपण जाळतं?"

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी पायल गॅस्ट्रोने गेली. नऊ वर्षांची होती.

दोन वर्षांनी प्रशिक्षणात सुगतला कळले, की बाटली धुवायची नसते. तसाच धावत आला. "ताई, मी तुले सांगतलं होतं काय?"

मी म्हणाले, "नाही. सांगितलं असतंस तर मी नमुना फेकला असता."

तेव्हापासून तो मैनासमोर मान वर करत नाही. सुगत, तू सांगितले होतेस.

सही: विशाखा देवराव तायडे
साक्षीदार: नत्थुजी वानखडे, पौर्णिमा इंगळे
अमरावती, १२ नोव्हेंबर २०२४

हस्तांतरणाची नोंद, त्याच दिवशी: सुगतच्या हाती, मैनासमोर, वरील मजकुराची प्रत आणि त्या नमुन्याची मूळ चिठ्ठी दिली. चिठ्ठीच्या पाठीवर माझ्या अक्षरात पेन्सिलीने 'बाटली धुतलेली' असे आहे. सुगतने वाचून ती मैनाला दिली. मैनाने विचारले, "तुमाले मालूम होतं?" मी हो म्हटले. पोच मैनाने लिहून दिली. सुगतने सही केली नाही. घराचे कागद दोघांनीही घेतले नाहीत.