मामाजींचा हात

१२ ऑगस्ट

ऐकलं! आज पहिल्यांदा ऐकलं.

भंडाऱ्याला पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या पोटातला आवाज घुमला. ठक्… ठक्… ठक्. सावकाश, दमदार. भूपेनने लगेच मोबाइल काढून रेकॉर्ड केला. डॉक्टर फारसं बोलले नाहीत. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, मग म्हणाले, नागपूरला हृदयाची वेगळी सोनोग्राफी करून घ्या, याच आठवड्यात. भूपेनचं म्हणणं, हल्ली पाठवतातच सगळ्यांना.

घरी आल्या आल्या आत्याबाईंना ऐकवलं. सासू कसली, लहान पोरीसारख्या मोबाइलला कान लावून बसल्या. मग एकदम डोळ्यांना पदर!

"बापा! हा तर यांचा हात!"

खरंच की! मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारून गेला होता, त्यानंतरचं शेवटचं वर्षभर त्यांचा माग असाच चालायचा. ठक्… थांबा… ठक्. ते जाऊन नऊ महिने झाले. पुढच्या खोलीत त्यांचा माग तसाच आहे. पाय सोडून बसायचा खड्डा तसाच, अर्धी विणलेली कोशाच्या रेशमाची साडी तशीच. विणकर गेला तर त्याच्या मागावरचं कापड कापायचं नाही, अशी या घरची रीत. घरात पुढचा जीव आला की त्याचा हात कापडाला लावायचा, मग कात्री.

मी नाक मुरडते अशा गोष्टींना. पण आज बरं वाटलं.

१३ ऑगस्ट

सगळ्या गल्लीने ऐकलं. शेजारच्या कुंताबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "लेकरू आज्याचा हात घेऊन येऊन राहिलं वो!" मामाजी हातातलं काम संपल्याशिवाय जेवायचे नाहीत. माग थांबला की कुंताबाईंना कळायचं, आणि त्या भिंतीवरून भाजीची वाटी द्यायच्या. आज सवयीने त्यांनी वाटी दिली. वांग्याची होती. मीच खाल्ली.

१६ ऑगस्ट

नागपूर. लिहायला बसले आहे पण सुचत नाही.

डॉक्टरीणबाई खूप वेळ बघत राहिल्या. स्क्रीनवर एक करडी मूठ उघडत होती, मिटत होती. भूपेन उत्साहात म्हणाला, "मॅडम, आवाज लावा ना. अगदी आमच्या बाबांच्या मागासारखा हाये." त्यांनी लावला. भूपेन माझ्याकडे बघून हसला.

मग त्या म्हणाल्या, "हा आवाज याच्या दुप्पट जलद हवा."

दुप्पट! म्हणजे आम्ही चार दिवस गावभर मिरवत होतो तो आमच्या बाळाचा आजार होता. पेढेच वाटायचे बाकी होते.

हृदयाचे वरचे कप्पे त्यांच्या घाईत, खालचे आपल्या मर्जीने. वरून निघालेला निरोप खाली पोचतच नाही. कारण बहुतेक माझ्या रक्तात. मला आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालं नाही, पण माझ्या रक्तात असं काहीतरी आहे म्हणे, जे वारेतून पलीकडे जातं आणि बाळाच्या हृदयावर उठतं. माझ्याच! ठोके आणखी उतरले, हृदयाभोवती पाणी साचलं, तर ते पोटातच जाऊ शकतं. तग धरला तर जन्मल्यावर छोटं मशीन बसवतील, ते ठोके देईल. तोवर दर आठवड्याला नागपूर.

आत्याबाईंना समजावायला भूपेनला शब्द सापडेनात. त्यांनाच एका दमात समजलं. "म्हणजे पाय चालून राहिले, हात मागं पडून राहिला."

मामाजींचं शेवटी हेच झालं होतं. खाली पाय धावायचे, वर हात यायचा नाही. मी आत्याबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघींनाही एकच सुचलं असावं.  कोणी जेवलं नाही.

१७ ऑगस्ट

भूपेनने तो आवाज मोबाइलमधून काढून टाकला. ग्रुपमधूनही.

२३ ऑगस्ट

रिपोर्ट आला. माझंच रक्त. गोळ्या सुरू. गिळायच्या मी, लागू पडायच्या बाळाला! सारखी भूक लागते. तोंड फुगलंय. आत्याबाई म्हणतात, "तब्येत सुधरून राहिली तुई." काय बोलणार.

रडू येतं. न्हाणीघरात जाऊन रडते, म्हणजे भूपेनला दिसत नाही. तोही तिथेच जाऊन रडतो, हे मला माहीत आहे.

२७ ऑगस्ट

दुपारी आडवी पडले होते. ठक्… ठक्…

आधी रागच आला. म्हटलं, याने आवाज ठेवलाच आहे कुठेतरी! मग आठवलं, भूपेन दुकानात, मोबाइल त्याच्याजवळ. आत्याबाई चौंडेश्वरीच्या देवळात. घरात मी एकटी.

उठून पुढच्या खोलीत गेले. माग गप्प. पण आडवा धागा नेणारा धोटा ओढायची दोरी हलत होती. हळूच, कोणी नुकतीच सोडल्यासारखी. वाऱ्याने म्हणावं तर खिडकी बंद. पंख्याने म्हणावं तर लाइट गेलेली.

मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. केमिस्ट्रीत काठावर का असेना! गोळ्यांनी भास होत असतील. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. विचारणार नाही. हसतील.

३० ऑगस्ट

ठोके होते तेवढेच. पाणी नाही.

विणून झालेलं कापड संपतं अगदी तिथेच एक लाल दोरा बांधून ठेवला आहे. कोणाला सांगितलेलं नाही. बघूच.

३ सप्टेंबर

आज तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडाचे नंदी ओढत दारोदार फिरली. मी सगळ्यांना लाडू दिले, हसले, एकीचं नाकसुद्धा पुसलं. मग आत जाऊन मागाजवळ गेले.

दोऱ्याच्या पुढे चार बोटं कापड.

नीट विणलेलं. एक धागा सुटलेला नाही. हात लावला आणि पोटात बाळाने ढुशी दिली. इतके दिवस नुसतं फुलपाखरू होतं, आज पहिली खरी ढुशी. आनंद व्हायला हवा होता. मी घाबरून दारापर्यंत मागे आले.

भूपेनला दाखवलं. म्हणाला, "उंदरं असतील."

अरे, उंदीर कापड कुरतडतात, विणत नाहीत!

त्याला मागावर बसता येत नाही, आणि आत्याबाई कधी बसल्या नाहीत. बायकांनी दोऱ्याच्या कांड्या भरून द्यायच्या, खड्ड्यात उतरायचं नाही, हीही इथली रीतच. बोलून दाखवायची भीती वाटते, म्हणून फक्त इथे लिहिते. मामाजींचं काम अर्धं राहिलं. ते पुरं करायला त्यांना हात हवा आहे. आणि त्यांनी माझ्या बाळाचा धरला आहे.

६ सप्टेंबर

ठोके उतरले. पंचावन्न.

२० सप्टेंबर

आज नागपूरहून लवकर सुटलो. भूपेन मला गल्लीच्या तोंडाशी उतरवून दुकानात गेला. गल्लीत शिरतानाच ऐकू आलं. माग! पण आज वेगळाच. खटखट-खटखट, कुत्रं मागे लागल्यासारखा.

 दार ढकललं तर खड्ड्यात आत्याबाई! लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, घामाने चिंब, धोटा इकडून तिकडे नुसता उडतोय. मला बघून थांबल्यासुद्धा नाहीत.

"आत्याबाई! हे काय?"

"काय म्हंजे? त्याले शिकवून राहिली. यांचा हात लागला न त्याले, म्हणून मंद चालून राहिलं. तू इकडे ये, जवळ बस. आयकू दे त्याले. असा चालवतेत म्हणा हात!"

मी हसले. मग रडले. मग इतकं हसले की पोट धरून खाली बसावं लागलं. तर हे होतं होय! कापड वाढवणारं भूत साठीचं आहे आणि त्याचे गुडघे दुखतात.

२१ सप्टेंबर

आज मी मागाला पोट टेकवून बसले. आत्याबाई जलद विणतात तेव्हा लाकूड थरथरतं, ते पार आत जातं. बाळ आधी गप्प राहतं. मग हलायला लागतं. शास्त्र काय ते मला माहीत आहे. तरी बसले. उद्याही बसणार.

११ ऑक्टोबर

बासष्ट! पाणी नाही, वाढ चांगली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "छान. काय करताय तुम्ही?"

मी म्हटलं, "गोळ्या घेते." भूपेनला ठसका लागला.

येताना जिलेबी घेतली. उद्या दसरा. आत्याबाईंनी मागाच्या पूजेसाठी खोली सारवून ठेवली आहे. गेल्या दसऱ्याला मामाजी होते.

१४ ऑक्टोबर

आज आत्याबाईंचे पाय चोळून देत होते. सहज म्हटलं, "मला किती घाबरवलंत तुम्ही! त्या दुपारी तर दोरीसुद्धा हलत होती. आणि चार बोटं विणून साळसूदपणे देवळात जाऊन बसलात."

त्यांनी पाय ओढून घेतला.

"कोणत्या दुपारी?"

"ऑगस्टमधल्या. पोळ्याच्या आधी."

"मीन तर लेकराचे ठोके उतरले त्याच्यानंतर हात लावला, पोरी. पोळ्याच्या आधी खड्ड्यात उतराची मायी हिंमतच नव्हती."

मी त्यांचा पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि चोळत राहिले. बाहेर कोणीतरी धान कापायला माणसं बोलावत होतं.

८ नोव्हेंबर

हृदयाभोवती पाण्याची बारीक रेघ दिसली. "घाबरू नका, पण लक्ष ठेवू." घाबरू नका म्हटलं की मी जास्त घाबरते.

घरी आले तर पुढच्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज. मी दाराआड उभी राहिले. त्या रिकाम्या खड्ड्याकडे तोंड करून, नवऱ्याशी भांडतात तशा, चक्क भांडत होत्या.

"जन्मभर तुमच्या मतानं चाललं. मीन कधी काही म्हटलं नाही. पण हे लेकरू तुमचा हात धरून बसलं. सोडा त्याले! सोडवत नसन, तर मंग जल्दी चालवाले शिका. आयकून राहिले का?"

 देवा, मी वाट बघत होते उत्तराची!

१५ नोव्हेंबर

रेघ आहे तेवढीच. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला आहे, साडीचा पदर तेवढा राहिलाय. आत्याबाई म्हणाल्या, आता हात लावायचा नाही. सगळं विणून झालं अन् बाळ आलंच नाही, तर? हे त्या बोलल्या नाहीत. पण मी त्यांच्याच घरात राहते, कळतं मला.

६ डिसेंबर

उद्यापासून नागपूर. सोमवारी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढणार. तिघंही जातोय. आत्याबाईंनी दाराला कुलूप लावून बघितलं, ओढून बघितलं, चावी कनवटीला खोचली. निघताना पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "येतो आम्ही."

९ डिसेंबर

मुलगी. रडली! बारीक, मांजरीसारखी, पण रडली. मला क्षणभर दाखवली. कपाळ मामाजींचं. मग काचेच्या पेटीत घालून घेऊन गेले. ठोके फार कमी आहेत. मशीन बसवायला दोन-तीन दिवस थांबावं लागेल, वजन कमी आहे, अंगावर सूज आहे. तोवर औषधावर धरायचं.

"तोवर धरेल ना?" भूपेनने विचारलं.

"बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

११ डिसेंबर

रात्रीत दोनदा थांबली. दोनदा आपोआप सुरू झाली. नर्स म्हणाली, "हट्टी आहे पोरगी. आम्ही हात लावायच्या आत चालू!" पेटीवरचा आकडा बघत मी खुर्चीत बसून आहे. टाके दुखतात. तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. नाव ठेवायचीही भीती वाटते.

१२ डिसेंबर

मशीन बसलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता काळजी नाही. आता तिचं तिला चालेल." आत्याबाई तिथेच खाली बसल्या. भूपेन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कुंताबाई.

"काय वो हर्षा, भूपेनले घरी पाठवलं काय तुमी? माग कधी शिकला तो? सोमवारपासून माग चालूच हाये! रात्र नाही, दिवस नाही, अन् केवढा जल्दी! आमाले झोप नाही. आता कुठं थांबला, म्हणून फोन केला. जेवला नसन तो. ताट पाठवू काय?"

भूपेन माझ्या समोर उभा आहे. चावी आत्याबाईंच्या कनवटीला आहे.

म्हटलं, पाठवा. पायरीवर ठेवून द्या. भात जरा जास्त वाढा.