रांगोळीची डिस्क वाळेपर्यंत

डिस्क पाण्यातून काढली, मधल्या भोकात लाटण्याचा दांडा घातला आणि लाटणे दोन पातेल्यांवर आडवे ठेवले. आता ती उद्या सकाळपर्यंत वाळायची आहे. तोवर तिला हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, जवळ शिंकायचेही नाही, असे फोल्कमारने बजावले आहे. मला नुसते बसता येत नाही. म्हणून जे काम बरीच वर्षे टाळले, ते आत्ता करते.

मी, यमुना वासुदेव खांबेटे, वय एकाहत्तर, राहणार त्सुफेनहाउझेन, श्टुटगार्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे सोडल्यास प्रकृती बरी आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे पती वासुदेव समोर बसून "अक्षर नीट काढ" एवढेच म्हणत आहेत. त्याला मी दबाव धरत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

येथील कायद्याप्रमाणे ते स्वतःच्या हाताने लिहावे लागते, टाइप केलेले चालत नाही. आयुष्यभर टाइप केले, शेवटचे तेवढे हाताने. भाषा कोणतीही चालते, म्हणून मराठी. साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांवाचून ते मृत्युपत्रच नव्हे, असे वासुदेवांचे मत आहे. खाली दोन सह्या होतील.

१. हे घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा भाग वासुदेवांना द्यावा आणि त्यांच्यामागे आमची मुलगी नीलांबरी हिला. बँकेतली माझी शिल्लक आजच नीलांबरीची समजावी.

२. माझ्या पाटल्याही नीलांबरीला. ती हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत तळवे आखते. माझे मराठी तिला सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये येते. पाटल्यांचे विचारले तर म्हणाली, "आई, वो सोल इख दी डेन ट्रागेन?" म्हणजे, त्या घालून जाऊ कुठे? बाळा, कुठेही जा. विकू नकोस असे मी लिहीत नाही. विकल्यास त्या पैशांचे बूट घेऊ नकोस, ते तुला फुकट मिळतात.

३. होम कॉम्प्युटर, दोन डिस्क ड्राइव्ह, सोल्डरिंग आयर्न, स्पिरिटची बाटली आणि कापसाच्या काड्या ही माझी हत्यारे. ती फोल्कमारला द्यावीत. फोल्कमार हा उंटरश्लाइसहाइमचा. जुने कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांचा तेथे एक फेरआइन आहे, म्हणजे मंडळ. त्याचा तो कार्यवाह. त्याच्या हाताला कंप नाही आणि तो मला नावाने हाक मारतो. येथे मला नावाने हाक मारणारी माणसे थोडी उरली आहेत.

ही हत्यारे माझ्याकडे कशी आली ते लिहिते, म्हणजे मागे कोणी ती वासुदेवांची समजणार नाही. ते गाड्यांच्या कारखान्यात होते. मी पुण्याहून मराठी घेऊन एम. ए. झाले होते. त्या पदवीचे येथे काय करावे, हे श्टुटगार्टमध्ये कोणालाच सांगता येईना. वासुदेवांनी हौसेने कॉम्प्युटर आणला, एक खेळ खेळले आणि कंटाळले. सोबत एक मासिक येई. त्यात प्रोग्रामच्या ओळी छापलेल्या असत. त्या हाताने टाइप करायच्या. मी टाइप केल्या. जर्मन शिकले ती त्या मासिकातून, त्यामुळे सुरुवातीला मला फक्त आज्ञा देता येत. दाबा. थांबा. पुन्हा दाबा. भाजीवाला दचकत असे.

एम. ए.ला आम्हाला वृत्ते शिकवली होती. प्रोग्राम पाहिला आणि ओळख पटली. एक मात्रा चुकली की ओळ पडते.

४. त्या मासिकाच्या डिस्का. छापायला लांब पडणारे प्रोग्राम मासिकवाले डिस्कवर देत. मासिक बंद पडले, कचेरी गेली, डिस्का लोकांच्या तळघरांत राहिल्या. तळघरात ओल असते. डिस्कवर बुरशी धरते, लोखंडाच्या भुग्याचा तपकिरी थर सुटतो आणि थराबरोबर कोणाच्या तरी रविवारच्या दुपारी सुटून जातात. मी त्या जुन्या बाजारांतून, वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून, एकदा एका विधवा बाईंच्या कपड्यांच्या कपाटातून जमवल्या. प्रत्येक पुसली, वाचली, तिची प्रत करून फेरआइनकडे पाठवली. नीलांबरी म्हणते, "आई, दास इस्ट श्रॉट." भंगार. ती हसून म्हणते आणि शनिवारी गाडीने जुन्या बाजारात सोडते.

हा सारा संग्रह फेरआइनला द्यावा. डिस्का आमच्या तळघरात फराळाच्या डब्यांत आहेत. डबे परत घ्यावेत.

५. एक डिस्क मात्र अजून कोणालाही वाचता आलेली नाही. फेरआइनच्या यादीत तेवढी एकच चौकट रिकामी आहे. तीच आत्ता लाटण्यावर वाळते आहे.

तिच्यावर माझा प्रोग्राम आहे. ठिपके किती, एवढे सांगायचे. तो ठिपके मांडतो आणि रांगोळी काढतो. तो मी चौकटीच्या कागदावर आखला. मूळ प्रत मासिकाकडे पाठवली ती परत आली नाही. छापील अंकात त्यावर अर्धे पान आले: "वासुदेव खांबेटे, अभियंता, यांची भारतीय कलाकृती."

त्याचे असे झाले. कचेरीतून फोन आला तेव्हा मी बाजारात होते. फोन यांनी घेतला. तेव्हाचे यांचे फोनवरचे जर्मन म्हणजे "जा" आणि "गेनाऊ", म्हणजे हो आणि अगदी बरोबर. त्यांनी यांचे नाव विचारले, यांनी सांगितले. काम विचारले, तेही सांगितले. प्रोग्राम आपलाच ना? जा. आपणच लिहिला? गेनाऊ.

"अहो, पण निदान बायकोने लिहिला म्हणायचं!"

"बायकोला जर्मनमध्ये काय म्हणतात ते माहीत होतं गं. पुढचं क्रियापद येईना."

मी तेव्हाच म्हटले, असू दे. पडद्यावर, रांगोळीच्या खाली, मी माझे नाव घातले आहे. डिस्क येऊ दे. डिस्क आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. यांनी पाटावर आपले मापाचे व्हर्नियर ठेवले, माझी विळी ठेवली, ड्राइव्ह ठेवला आणि त्यावर ती नवी डिस्क. हळद वाहिली, कुंकू वाहिले, अक्षता वाहिल्या. डिस्कच्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते. ड्राइव्ह तेथूनच वाचतो. कुंकू बरोबर त्या खिडकीत. मग मोठ्या भक्तिभावाने यांनी ती डिस्क ड्राइव्हमध्ये घातली. जो आवाज आला तो जात्याचा होता.

त्यानंतर ती डिस्क मी कोठेच घातली नाही. माझे नाव तिच्यावर आहे असे मी सांगत आले आणि हे म्हणत आले, "असेल की. मी कुठं नाही म्हणतोय?" या वाक्यावर माझा फार जुना राग आहे. तो मी कोणालाही देऊन जात नाही.

दरम्यान जगभरच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या वेड्यांनी यांना शोधून काढले. यांना पत्रे येतात. "आदरणीय श्री. खांबेटे, आपल्या हरवलेल्या रांगोळीबद्दल वाचले." एकाने फोटो मागवला. यांनी पाठवला, कोट घालून.

"अहो, कोट कशाला?"

"मग काय बनियनवर पाठवू?"

डिस्क धुवावी की नाही, यावर फोल्कमार आणि मी बराच काळ घोळ घातला. पाण्याने कुंकू जाईल, पण थर जुना झाला आहे, तोही जाऊ शकतो. न धुता ठेवली तर थर आपोआप जाणारच. आज दुपारी तो म्हणाला, "आल्झो, यमुना. एकदाच करता येईल. चुकले तर संपले. तू सांग." मी सांगितले, धू.

त्याने पाकीट कडेने कापले. आतून कुंकवाचा लाल भुगा पडला आणि त्याच्यामागून तांदळाचा एक दाणा.

"राइस?" फोल्कमारने विचारले.

"राइस," हे म्हणाले.

"डिस्कमध्ये?"

"जा," हे म्हणाले. "गेनाऊ."

मी इतकी हसले की मला दुसऱ्या खोलीत जावे लागले. फोल्कमारने हात पुसले आणि पुन्हा धुतले. माझे हात ओले नव्हते, तरी मीही धुतले. मग त्याने डिस्क पाण्यात धुतली. पाणी गुलाबी झाले. थर सुटला की नाही, ते ओल्या डिस्कवर दिसत नाही.

६. म्हणून पुढील व्यवस्था. डिस्क वाचता आली आणि तिच्यावर माझे नाव निघाले, तर वासुदेवांनी पत्रे पाठवणाऱ्या प्रत्येकाला स्वतः कळवावे की त्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही आणि कोट घरचाच होता. फेरआइनच्या यादीत माझे नाव घालावे. डिस्क वाचता आली नाही, तर रांगोळीचे श्रेय वासुदेवांकडे कायम राहावे आणि मी किंवा माझ्या वारसांनी तो विषय पुन्हा काढू नये. हे वाक्य लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिले. मूठभर लोखंडाच्या भुग्यावरून या वयात भांडणे बरे नव्हे.

यांनी हे कलम आत्ता वाचले. म्हणाले, "मला नको तुझं श्रेय. मी काय करू त्याचं?"

"कोट घालून मिरवा."

"यमुने, वाचली जाऊ दे ती. मीही वाटच बघतोय."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ते असे क्वचित बोलतात.

७. तांदळाचा दाणा ही माझी जंगम मालमत्ता आहे. तो वासुदेवांना.

८. माझ्यामागे फोटोला हार घालावा. दसऱ्याला हत्यारांची पूजा जरूर करावी, मी तिच्याविरुद्ध नाही. कुंकू हत्यारांच्या डब्याला बाहेरून लावावे.

वर लिहिलेले सर्व माझ्या हातचे आहे, मला मान्य आहे. खाडाखोड एकच आहे, "भक्तिभावाने" या शब्दापाशी. तेथे आधी दुसरा शब्द होता.

सही: यमुना वासुदेव खांबेटे
स्थळ: त्सुफेनहाउझेन, श्टुटगार्ट
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. फोल्कमार हेर्टलाइन. (मराठी येत नाही, हे स्वरूपाने लिहून दिले. मजकूर यमुनाने जर्मनमध्ये सांगितला. तांदळाच्या कलमाबद्दल मी दोनदा विचारून खात्री केली.)
२. स्वरूपा दातार, वरच्या मजल्यावर राहणार. (सगळे वाचले. काकूंना लिहिताना पाहिले. काका मध्येमध्ये बोलत होते, पण दबाव नव्हता.)

पुरवणी, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळ.

डिस्क वाळली. फोल्कमारने ती एका कोऱ्या डिस्कच्या पाकिटात घातली आणि आपल्या यंत्राला लावली. जात्याचा आवाज आला नाही. पडद्यावर वाचल्या गेलेल्या भागांचे चौकोन एकेक करून हिरवे होत गेले. दोन लाल राहिले; ते दुसऱ्या कोणाच्या तरी खेळातले निघाले. फोल्कमार त्यांच्यासाठी हळहळला.

मी ठिपक्यांचा आकडा घातला. ठिपके आले, मग रेषा आल्या. रांगोळी पुरी झाल्यावर खाली ओळ आली: यमुना खांबेटे, त्सुफेनहाउझेन. नंतर थोडे थांबून आणखी एक ओळ आली. ती मी पार विसरले होते: आकडे वाचून दाखवले, वासुदेव खांबेटे.

तेव्हा मला आठवले. कारखान्यातून आल्यावर हे चौकटीच्या कागदावरून मला आकडे वाचून दाखवत आणि मी टाइप करत असे. सदतीस, शून्य, एकशे एकोणसाठ. मान वर न करता, जेवायची वेळ होईपर्यंत.

यांनी चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या. "कुंकवानंच टिकली," म्हणाले.

कलम ६ मी रद्द करते. यादीत दोघांची नावे घालावीत, माझे आधी. बाकी सर्व कायम.

यांनी तांदळाचा दाणा काडेपेटीत ठेवला आणि सगळ्यांसाठी पोहे केले. मीठ थोडे कमी होते.

सही: यमुना वासुदेव खांबेटे