आत गेलेल्या माणसाचा नियम

नाना, आधी चांगली बातमी सांगते, मग बाकीचं. माझा नियम राहिला. लालच राहिला. पिवळा करा, पिवळा करा म्हणून लोकांनी इतके दिवस माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या, पण राहिला, आणि आज पांडेसऱ्याच्या त्या मिलनं सगळ्या आकृत्या सही करून ताब्यात घेतल्या. ऑफिसातून खाली उतरले आणि उधन्याच्या नाक्यावर उभ्या उभ्या दोन प्लेट लोचो, तो आपला सुरतेचा वाफाळता डाळीचा लोचो, खाल्ला, एकटीनं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, असं रस्त्यावर उभं राहून खाणारी पोरगी पुढं काय दिवे लावणार. लावले बरं का, बऱ्यापैकी लावले. पण आज मला कोणी काही बोलू नका, आज मी फार हलकी झाले आहे.

माझं काम तुम्हाला कसं समजावू? मायला तर अजून वाटतं की मी दिवसभर बसून चित्रं काढते आणि मालक वेडा आहे म्हणून पगार देतो. एखाद्या मिलमध्ये काम कसं चालतं, माल आला की कोण काय करतं, मग तो कोणाकडे जातो, हे सगळं मी संगणकावर चौकटी आणि बाण काढून दाखवते. प्रत्येक माणसाची एक आडवी पट्टी, त्याचं काम त्याच्या पट्टीत. जिथं हो की नाही ठरवायचं असतं तिथं शंकरपाळ्यासारखी चौकट. त्या आकृतीवरून मग मिलची कामाची पद्धत ठरते, तीच माणसांना शिकवतात. आकृती पुरी झाली की सॉफ्टवेअर ती तपासतं. सुरुवात आहे का, शेवट आहे का, एखादा बाण अधांतरी तर लटकत नाही ना. शंका असली तर पिवळं, चूक असली तर लाल. पिवळं असलं की माणूस बघून न बघितल्यासारखं करू शकतो. लाल असलं तर आकृती पुढं सरकतच नाही. आणि आपल्याला हवे ते आपले स्वतःचे नियमही त्यात घालता येतात. आमच्या ऑफिसात ते घालायचं काम माझ्याकडे आहे.

तुमच्या खात्यात मी एकदाच आले होते, आठवतं? माय आजारी होती म्हणून डबा घेऊन मला पाठवलं. वॉचमननं आत सोडलं, आणि मी त्या वाफेत आणि रंगाच्या उग्र वासात तुम्हाला शोधत फिरतेय. छापलेलं कापड वाफेवर धरून रंग पक्का करायची ती लोखंडी खोली, तिला सगळे लूप म्हणायचे, आणि तुम्ही तिचे ऑपरेटर, हे मी शाळेत सगळ्यांना ऐकवलेलं. खोलीचं मागचं छोटं दार उघडं होतं. मी डोकावले, एक पाय आत टाकला, तर तुम्ही अशी काही आरोळी ठोकलीत की डबा हातातून सुटला. सगळ्यांदेखत पाठीत एक ठेवून दिलीत. "आत जायचं नाही! कळतं का? आत गेलेलं बाहेर कोणाला दिसत नाही!" मी रडत घरी आले आणि मायला सांगितलं की नाना राक्षस आहेत. संध्याकाळी राक्षस घरी आले ते शर्टाच्या आत एक जुनं शेडकार्ड लपवून. एकाच गुलाबीचे इतके प्रकार असतात हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री जेवताना तुम्ही स्वतःच्या ताटातली भरीत-भाकरी माझ्या ताटात सरकवलीत.

आणि नाना, मग तुम्ही स्वतः काय केलंत? तुम्ही सांगून गेला होतात का आत? हा माझा राग आहे तुमच्यावर, आणि तो मी आज लिहूनच टाकते. मी नववीत होते. तुमची रात्रपाळी संपत आलेली. आतल्या दांड्यांवरून कापड घसरून खाली पडलं, म्हणून वाफ बंद करून तुम्ही मागच्या दारानं ते काढायला गेलात. तुमच्या हेल्परला माहीत होतं, पण तो पाळी संपली म्हणून कार्ड पंच करायला गेला. दिवसपाळीचे काका आले. आपल्या मागच्या गल्लीत राहायचे ते, आपल्याच तालुक्यातले. त्यांनी बघितलं, वाफेचा काटा खाली, समोर माल तयार, खात्यात कोणी नाही. त्यांनी रोजच्यासारखा व्हॉल्व्ह उघडला. माय तव्यावर भाकरी टाकत होती. दारात चार माणसं बघून ती एवढंच म्हणाली, "काय व्हयनं?" ती भाकरी तव्यावरच जळून गेली, कोणी उतरवली नाही.

काका त्या दिवशी आपल्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते, आणि मी सगळ्यांसमोर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, ह्यांनी मारलं. कोणी मला गप्प केलं नाही. काकांनीही मान हलवली, हो म्हणून. तेव्हापासून त्यांनी आपल्या दारावरून जायचं सोडलं. पुढं ते भेस्तानला राहायला गेले. तिथल्या बाजारात मी दिसले की भाजीची पिशवी घेऊन ते रस्त्याच्या पलीकडे जायचे आणि मला बरं वाटायचं. जाऊ दे म्हणायची माय, त्याला काय हौस होती का. मी म्हणायचे, तू दे सोडून, मी नाही सोडत.

आता ह्या वर्षी ही मिल आमच्याकडे आली. तुमची नव्हे, दुसरी, पण लूप तसाच. सगळ्या आकृत्या तयार झाल्या, सॉफ्टवेअरनं तपासल्या, एकूण एक हिरव्या. आमचे भाई, म्हणजे मालक, खुश. मी सहज लूपच्या सफाईची आकृती उघडली आणि माझा चहा थंड झाला. मशीन बंद, माणूस आत जातो, सफाई करतो, पाळी बदलते, वाफ सुरू. शेवट. सगळे बाण जागच्या जागी, काही अधांतरी नाही, आणि माणूस आतच! तो बाहेर आलाच नाही नाना, आणि कॉम्प्युटर म्हणतोय सगळं छान आहे. त्याचंही बरोबरच आहे म्हणा, त्याला कोणी सांगितलंय माणूस म्हणजे काय.

मी त्याच दिवशी नियम लिहायला बसले. पहिला तर असा फसला की विचारू नका. चौकटीतल्या हिंदी मजकुरात 'अंदर' शब्द दिसला की पकड, असं सांगितलं होतं मी त्याला. त्यानं सगळी मिल लाल करून ठेवली. कापड अंदर गेलं, लाल. कँटीनचा चहा अंदर गेला, लाल, का तर चहा बाहेर आला नाही! ऑफिसातले पोट धरून हसले. मग मी डोकं शांत करून पुन्हा बसले. प्रत्येक चौकटीला आपली एक खूण लावता येते. माणूस जिथं आत शिरतो त्या चौकटीला 'आत', निघतो तिथं 'बाहेर', आणि वाफ, वीज, पाणी, जे जीव घेऊ शकतं ते जिथं चालू होतं तिथं 'सुरू'. नियम एवढाच: 'आत'पासून 'सुरू'पर्यंत कुठल्याही वाटेनं जा, मधे 'बाहेर' लागलंच पाहिजे, आणि तेही त्याच माणसाच्या पट्टीत. दुसऱ्या कोणी "आला असेल" म्हणून चालणार नाही. नसेल तर लाल, आणि खाली अक्षरं येतात: आत गेलेला माणूस बाहेर आल्याचं दाखवलेलं नाही. हा नियम चालवला तर त्या मिलच्या लूपची, रंगाच्या टाकीची, बॉयलरची, सगळ्या सफायांच्या आकृत्या एकापाठोपाठ लाल झाल्या. त्या हिरव्या करायला मी एकच वाट सुचवली: आत जाणाऱ्यानं व्हॉल्व्हला स्वतःचं कुलूप घालायचं आणि बाहेर आल्यावर स्वतःच काढायचं.

मग सुरू झाला तमाशा. मिलचे मॅनेजर आले. वयस्कर, उत्तरेकडचे, स्वभावानं वाईट नाहीत. म्हणाले, "मॅडम, सफाई तो रोज का काम है. हर बार आदमी अपना ताला लगाएगा, अपना ताला खोलेगा, मशीन खडी रहेगी. पीला कर दो, हम ध्यान रखेंगे." भाई माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत, "बेन, समजो ने, क्लायंट छे." मी म्हटलं, "ध्यान कौन रखेगा? नाम बताइए. किसकी पट्टी में लिखूँ?" ते म्हणाले, सब रखेंगे. मी म्हटलं, सब नावाची पट्टी माझ्याकडे नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, तुमचाच आहे तो. बाहेरच्या टेबलांवरचे लोक उठून बघायला लागले. भाईंनी सांगून टाकलं की पिवळा करा, नाहीतर हे काम दुसऱ्या कोणाला देतो, आणि तुम्ही घरी बसा. मी म्हटलं बसते. पण माझ्या हातानं पिवळा होणार नाही.

तेव्हा त्या मॅनेजरांनी हळूच विचारलं, "कोई था क्या अंदर?" इतकी वर्षं ह्या ऑफिसात काढली नाना, मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. "पिताजी," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग भाईंना म्हणाले, "लाल रहने दो. ताले मैं मँगवा लूँगा." भाई तर असे वरमले की मला स्वतः पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवसापासून मला बेन ऐवजी मोटी बेन, म्हणजे थोरली ताई, म्हणतात, ते मला अजिबात आवडत नाही.

गेल्या आठवड्यात मी मिलमध्ये गेले, नव्या पद्धतीनं सफाई होताना बघायला. जालन्याकडचा एक गडी, माझ्याच वयाचा. त्यानं व्हॉल्व्हला आपलं कुलूप घातलं, किल्ली चड्डीच्या खिशात टाकली आणि मागच्या दारानं आत गेला. मधेच पाळी बदलली. नवा ऑपरेटर आला, माल तयार बघितला, व्हॉल्व्हकडे हात नेला, कुलूप बघितलं आणि तंबाखू मळत शेजारी उभा राहिला. बस्, एवढंच! उभा राहिला! थोड्या वेळानं जालनावाला घामानं निथळत बाहेर आला, कुलूप काढलं आणि ओरडला, "अरे, चहा हाय का संपवला रे सगळा?" मला हसू की रडू ते कळेना. मी तिथल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. त्यानं विचारलं, "काय ताई, वाफ लागली काय?" मी हो म्हटलं.

पण तो ऑपरेटर डोक्यातून जाईना. कुलूप नसतं, तर त्यानं व्हॉल्व्ह उघडलाच असता. चांगला माणूस होता, सरळ. म्हणून रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी तुमची ती सकाळ आकृतीत काढायला बसले. तुमची पट्टी, हेल्परची पट्टी, काकांची पट्टी. खरं तर मला काकांची चूकच बघायची होती, अगदी लाल रंगात. नियम चालवला. लाल आलं, पण ते तुमच्या पट्टीत आलं, जिथं पुढची, 'बाहेर'ची चौकट नव्हती. काकांच्या पट्टीत काहीच नाही. आले, काटा बघितला, माल बघितला, व्हॉल्व्ह उघडला. त्यांना विचारायला लावणारी एकही चौकट त्या मिलनं कधी ठेवलेली नव्हती, आणि तुम्हाला सांगायला लावणारीही नव्हती. मी पुन्हा पुन्हा चालवून बघितलं. मग माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, खरंच उतरलं, मी मोठ्यानं श्वास घेतला तर माय आतून विचारते, काय झालं. दुसऱ्या दिवशी भेस्तानला काका दिसले. पलीकडे जायला लागले तशी मी हाक मारली, "काका, थांबा ना." थांबले. भाजीची पिशवी मी त्यांच्या हातातून घेतली. त्यांच्या दारापर्यंत पिशवी नेऊन दिली आणि त्यांच्या सुनेनं केलेला चहा प्यायले.

हे पत्र काही मी कुठं टाकणार नाही. पण एक गोष्ट मायलाही सांगितलेली नाही. त्या रविवारी उठायच्या आधी मी तुमच्या पट्टीत ती एक चौकट घातली. 'नाना बाहेर आले.' नियम चालवला. सगळं हिरवं झालं. मी बंद करायला गेले तर कॉम्प्युटरनं विचारलं, जपून ठेवायचं का. मी नाही म्हटलं नाना, पण पटकन नाही म्हणता आलं.