गारोवने न ओळखलेला आवाज

पेर्लेझ, ९ जून

प्रिय दुन्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईला सांग, गुडघ्याचं मलम मिळालं. वास भयंकर आहे, पण गुण येतो. चेरी यंदा इतकी लागलीय की पाखरंसुद्धा खाऊन कंटाळली. आली असतीस तर मुरंबा दिला असता. काका गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर तू फिरकलीच नाहीस. त्या दिवशीही कबरीपाशी, त्यांच्या नावाने खायच्या गोड गव्हाची वाटी धरून उभी राहिलीस, चमचाभरही खाल्लं नाहीस. असो. कामं असतात तुम्हाला. मी मनात काही ठेवलेलं नाही.

गारोव आता फाटकापाशी शेपूट पसरून पडून असतो. आठवतं ना, घशाच्या ऑपरेशनने काकांचा आवाज गेला आणि ते तुमच्या कंपनीच्या यंत्रावर टाइप करून बोलायला लागले, तेव्हा हा मेला काय करायचा? यंत्र म्हणायचं, "गारोव, इकडे ये," आणि हा माझ्या तोंडाकडे बघायचा. बातम्या देणाऱ्याचा आवाज तो! "सूपमध्ये मीठ कमी आहे" म्हणाला की मला वाटायचं, कुठेतरी पूल पडला. आम्ही हसायचो. काकांचे नुसते खांदे हलायचे.

तू म्हणायचीस, "काका, जे खटकेल ते लिहून पाठवा, आमच्याकडे सगळं वाचतात." आणि ते शहाण्या मुलासारखे लिहीत बसायचे. अक्षरं मोठी करा. शिवी देता आली पाहिजे, नाहीतर शेजाऱ्याशी बोलायचं कसं? आणि दर वेळी शेवटी तेच: माणसाला त्याचा स्वतःचा आवाज का देत नाही? माझा कुत्रा मला ओळखत नाही. तुमचं उत्तर यायचं, सूचना मोलाची आहे, आभारी आहोत, पुढे काय येणार ते सांगता येत नाही.

परवा दुपारी मटार सोलताना टीव्ही लावला होता. तुमचे मोठे साहेब दिसले. आवाज जाण्याआधी तासभर वाचून दाखवायचं, की यंत्र पुढे तुमच्याच आवाजात बोलेल, असं सांगत होते. "दोन वर्षं काम चाललं होतं," साहेब हसत म्हणाले, "पण कोणाला वास लागू दिला नाही. कल्पना मात्र आमच्या ग्राहकांचीच!" मागे तू उभी होतीस, निळ्या झग्यात. सगळे टाळ्या वाजवत होते, तू नव्हतीस.

मग मला तो ऑक्टोबर आठवला. ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि तू काकांच्या मागे लागली होतीस.

"काका, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा ना. मी फोनवर घेते."

"का गं? मला पुरायची घाई झालीय?"

"नाही हो काका, सहज."

"मक्याचे भाव सहज ऐकतं का कोणी? गारोव, चल रे बाहेर, हिचं डोकं फिरलंय!"

मी तुला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, काय भानगड आहे? तू लालबुंद होऊन म्हणालीस, "सांगता येत नाही, मावशी." मला वाटलं, पोर हळवी झालीय. तुला कॉफी करून दिली.

दुन्या, एक शब्द बोलायचा होतास. मी कोणाला सांगणार होते, कोंबड्यांना? तू कागदावर सही केली होतीस, नोकरी गेली असती, हे काल तुझ्या आईने फोनवर सांगितलं. रडत होती बिचारी. मला समजतं सगळं. तुझ्या घशाखाली तो गहू का उतरला नाही, तेही समजलं. पण मनात काही नाही असं वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. फार राग आलाय मला तुझा.

मार्चमध्ये, जायच्या आदल्या दिवशी, काकांनी मला पलंगाजवळ बोलावलं आणि काहीतरी टाइप केलं. काय ते तुला सांगणार नाही. उभ्या संसारात पहिल्यांदाच म्हणाले ते मला. आणि मी ते त्या बातम्यावाल्याच्या तोंडून ऐकलं.

आता एकच विचारते. त्या दिवशी काका ओरडले तेव्हा तुझा फोन चालू होता का? असेल तर पुसू नकोस गं. आणि त्या यंत्रात घालू नकोस. त्यांनी आता नवं काही बोलायला नको आहे मला. "हिचं डोकं फिरलंय," एवढं पुरे.

रविवारी ये. फाटक उघडं ठेवते. आत येण्याआधी तिथेच थांब आणि आधी गारोवला ऐकव. मी खिडकीत असेन. तो उठला, तर मग माझ्याकडे आण.

रागावलेली, तरीही तुझीच,
देसांका मावशी