वाळ्याच्या मुळ्या

कोरेगाव, १९ मे

प्रिय शिवू,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा धीर सुटतो, म्हणून हे पत्र सांगलीला तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे.

काल पुन्हा खिंडीत जाऊन आले. गेल्या आठवड्यातल्या वळवाने, उतार सरकतो का ते पाहायला तू ठोकलेल्या लाल खुंट्यांपैकी दोन झुकल्यात, आणि रस्त्याच्या वर, गवताच्या पहिल्या ओळीपाशी, माझी चार बोटं जातील एवढी भेग पडली आहे. खाली जोतीरामचं घर. त्याला मुलाबाळांसह देवळाच्या मंडपात मुक्कामाला पाठवलंय, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. पाऊस तोंडावर आलाय गं.

काँक्रीटची भिंत नको, वाळ्याचं गवतच हा उतार धरून ठेवील, असं तू चावडीत सांगितलंस, तेव्हा मानसिंगदादा काय म्हणाले होते आठवतं? "पोरी, गवत म्हशीला घालत्यात, डोंगराला न्हवं!" सगळे हसले. तू चिडली नाहीस. हातातला गड्डा उलटा करून मुळ्या दाखवल्यास. म्हणालीस, दोन वर्षांत या मुळ्या माणसाच्या उंचीहून खोल जातील. गेल्या पावसाळ्यात मूठभरही माती खाली आली नाही. मी गावभर मिरवले!

आता तेच लोक म्हणतात, गवतानं दगा दिला. सोमवारी चौकशीला साहेब येणार, आणि परवा फोनवर तूच म्हणालीस, "आई, माझंच गणित चुकलं असेल."

शिवू, तुझं गणित चुकलं नाही. मार्चच्या उन्हात माझ्या आईचा माठ आठवला, वाळ्याची जुडी घातलेलं ते गार, सुवासिक पाणी. मी खुरपं घेऊन गेले आणि पहिल्या ओळीतले दोन गड्डे मुळांसकट खणून आणले. रंगूबाईने पाहिलं. मग बायका टोपल्या घेऊन जाऊ लागल्या. मी रंगूबाईला टोकलं, तर ती म्हणाली, "आवं बाई, तुमी नेलं ते चाललं व्हय?" आणि गावाला शिकवलेली मी गप्प बसले. काल खड्डे मोजले. त्या ओळीत त्र्याहत्तर आहेत, पहिले दोन माझे. साताऱ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून चूक आमच्याच अक्षरात लिहून घ्यायच्या, खाली पूर्ण नावासह. हे पत्र तसंच आहे. सोमवारी ते साहेबांपुढे ठेव. मला वाचवू नकोस.

तुझीच आई,
माया वीरधवल भोईटे
निवृत्त शिक्षिका