रुमालाखालचा सौदा

१२ मार्च २०१६, लातूर

अण्णा पुन्हा प्लॉटच्या विषयावरच. थोरला भाऊ, काय बोलणार! उदगीरला त्याची धान्याची आडत, तिथंच शेत, तिथंच घर. आता माझ्या निवृत्तीचे पैसेही तिथंच हवेत. "उदगीर जिल्हा होणार हाय. कलेक्टर हापीस बाजूलाच येतंय. मग भाव इचारू नको."

म्हटलं, दोन वर्षं पाऊस नाही. आडत, शेत, प्लॉट — बसलं तर सगळं एकदम बसेल. एकाच आभाळाखाली आहे.

"मग दुसरं आभाळ कुठं मिळतं, प्रोफेसरीणबाई?"

मिळतं. परदेशी कंपन्यांचे शेअर घेणारे फंड आहेत, इथं बसून घेता येतात. तो हसला. दुसऱ्यांदा चहा मागितला. इथं पाणी नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही.

१३ मार्च

नळ नाही.

१९ मार्च

बँकेत म्हणाले, "मॅडम, या वयात ठेवच बरी." ठेव तर हवीच. कागदावर तीन भाग केले. मोठा ठेवीत, मधला देशातल्या फंडात, लहान परदेशी. रुपया घसरला तर तो लहान भाग सावरेल. तिकडचा बाजार पडला तर फार जाणार नाही. साधी गोष्ट आहे. वर्गात यापेक्षा अवघड शिकवलं.

२७ मार्च

उदगीरला जायला नको होतं. "नुसतं बघ," म्हणून अण्णाने माळावर नेलं. चुन्याच्या रेघा, एक बोर्ड. दलाल गुंडप्पा पूर्वी देवणीच्या बाजारात बैलांचे सौदे करायचा. पद्धत तीच ठेवलीय. अण्णाच्या हातावर रुमाल टाकला आणि आत बोटं दाबून भाव बोलू लागला.

"कितीला ते मला सांगा."

"बाया रुमालात हात घालत न्हाईत, अक्का. अण्णा हाईत की."

अण्णाने मान डोलावली, म्हणाला, "झालं."

पैसे माझे, सौदा माझ्यासमोर, आणि मला काहीच दिसलं नाही.

२८ मार्च

एक पैसा देणार नाही, असं अण्णाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

२९ मार्च

सगळे पैसे परदेशी फंडात टाकले. एजंटने विचारलं, "सगळे, मॅडम?" सगळे. तिथवर कुणाचा रुमाल पोचत नाही.

१४ एप्रिल

फंड खाली. तीन भागांचा कागद अजून टेबलावर आहे. मीही एकाच आभाळाखाली — फक्त दूरच्या. अण्णाला सांगणार नाही.

२२ एप्रिल

अण्णा येऊन गेला. पाण्याचे दोन कॅन आणले, चहा नको म्हणाला. प्लॉटचे पैसे त्यानेच भरले. कुठून, ते सांगितलं नाही. "रुमालात तुझ्या नावानं शबुद दिला होता."

मग मी सांगितलं, सगळे पैसे परदेशी फंडात टाकलेत. हसला नाही.

"असू दे. थोडं हितं बी ऱ्हाईल तुझं."

सोमवारी रजिस्ट्री. प्लॉट माझ्या नावावर, सही माझी लागते.